मदत हवी आहे: न्यूट्रिनोच्या पल्समधून सॅटेलाइटचा नॉइज कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सी फिजिक्स करतेय, प्रोजेक्ट अंटार्क्टिकावरच्या 'अनिता' बलून प्रयोगावर (बलूनवरच्या अँटेनांनी न्यूट्रिनो कणांचे रेडिओ सिग्नल शोधायचे). न्यूट्रिनो बर्फात आदळला की निघणारा आस्कार्यान पल्स, म्हणजे रेडिओ लहरींचा झटका, जेमतेम काही नॅनोसेकंदांचा, त्यावर २६० मेगाहर्ट्झच्या आसपास सॅटेलाइटचा अखंड सूर. सिम्युलेशनमध्ये नॉच फिल्टर (ठरावीक फ्रीक्वेन्सी गाळणारा) लावला की सूर जातो, पण पल्समागे शेपूट उरते, फेजही बिघडते. मग अँटेनांमधल्या वेळेच्या फरकावरून दिशा काढायची कशी? म्हणून आता साइन वेव्ह फिट करून वजा करतेय. बरं जमतंय, पण थांबायचं कुठे? जास्त ताणलं की पल्सच खरवडला जातो. थांबायचा थ्रेशोल्ड पल्स नसलेल्या, फक्त नॉइजच्या इव्हेंटवरून ठरवावा का?

खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा डेटा हाताळलेलं कुणी आहे का इथे? तिथे वीजवाहिन्यांचे पल्स फेकून देतात, मला नेमका पल्सच हवाय! पायथन कोड लगेच टाकते.