राखेच्या बुधवारचा सेल्फी

गोराईकरीण: राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, चर्चमधली मिसा (सामूहिक प्रार्थना) संपली की लगेच सगळे कपाळावरच्या राखेचा सेल्फी स्टेटसला टाकतात, आणि त्याच मिसेत बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा ६वा अध्याय वाचतात की उपास करताना तोंड धू, लोकांना दिसू देऊ नको. मला खूप टोचतं हे. राख पुसूनच लोकल पकडायची का?

वांद्र्याचे काका: पुसू नकोस गं. आपण माती आहोत, मातीतच जाणार, एवढीच कबुली आहे ती, मिरवायचं काय त्यात. त्या दिवशी बायबलमधल्या योएल संदेष्ट्याचं पण वाचन असतं ना, कपडे नाही, हृदय फाडा. येशू वाहवा शोधू नका म्हणतो, चारचौघांत प्रार्थना करूच नका असं नाही म्हणत, तो स्वतः सभास्थानात, यहुद्यांच्या प्रार्थनास्थळी, जायचाच की.

माहीमवाली: मत्तयच्या त्याच अध्यायात उपासाच्या आधी दान येतं, ते कुणी बोलत नाही. आमच्या चर्चमध्ये पंख्यावर, बाकावर देणाऱ्यांची नावं रंगवलीत आणि झाडू मारणाऱ्या मावशींचा पगार काढायला महिनोन्महिने मीटिंगा चालतात. सेल्फीपेक्षा हे जास्त लागतं मनाला.

गोराईकरीण: काका, पटलं. राख ठेवते, फोटो नाही. पण युथ ग्रुपवर सगळ्यांचे फोटो मागतात, तिथे कुणाला न दुखवता नाही कसं सांगू?