कडबाकुट्टीत हात गेला तर दंडाला बांधायचं की नाही?

माणदेशी_गडी:
मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या वस्तीवर एकाचा हात कडबाकुट्टीत गेला. वैरण लावताना बाही रोलरात ओढली गेली. मोटर बंद करेपर्यंत पंजा गेलाच, रक्ताची नुसती पिचकारी! कुणीतरी पेंडीच्या पोत्याची सुतळी काढून कोपरावर करकचून बांधली. रक्त कमी व्हायचं सोडून वाढलं. मग एका काकांनी टॉवेलचा बोळा करून अख्खा जीव लावून दाबून धरला आणि जीपमध्ये तालुक्यापर्यंत तसाच धरून ठेवला. गडी वाचला. तिथले डॉक्टर मात्र आमच्यावरच डाफरले, "बांधायचं कुणी सांगितलं?" आम्हाला एनसीसीत तर बांधा आणि दर पंधरा मिनिटांनी सैल करा असं शिकवलेलं. खरं काय धरायचं?

सिस्टर_कॅज्युअल्टी:
दादा, मी एमआयडीसीजवळच्या कॅज्युअल्टीत आहे, प्रेस मशीनमधले हात आमच्याकडे नेहमीचेच. काकांनी केलं ते पहिलं काम. कापड थेट रक्ताच्या जागी ठेवायचं आणि दाबायचं, जखम खोल असेल तर आत कोंबून दाबायचं. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. बहुतेक रक्तस्राव एवढ्यानेच आटोक्यात येतो.

दाबूनही थांबेना, किंवा हातपायच तुटलाय, तर टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबेपर्यंत आवळायचा पट्टा, लावायचंच. पण सुतळीने नव्हे. सुतळी मांसात रुतते, नसा चेंगरते. शिवाय दाब कमी पडला तर फक्त कातडीजवळच्या शिरा बंद होतात, आतली धमनी रक्त ओततच राहते. परतीची वाट बंद, येणारी चालू, म्हणून तुमच्याकडे रक्त वाढलं.

ओढणी किंवा उपरणं घडी घालून निदान दोन इंच रुंद पट्टा करा. जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, चार बोटं सोडून गुंडाळा. कोपरावर, गुडघ्यावर नको. एक गाठ, तिच्यावर पान्हा किंवा जाड काठी, वर दुसरी गाठ, आणि रक्त थांबेपर्यंत पीळ द्या. मग काठी बांधून टाका, नाहीतर जीपच्या हादऱ्यांनी पीळ उलगडतो. पेशंट ओरडेल, शिव्या देईल. तरी सोडू नका.

पंधरा मिनिटांचं विसरा, ती जुनी शिकवण. सैल केलं की धरलेली गुठळी सुटते आणि माणूस हप्त्याहप्त्याने रिकामा होतो. लावल्याची वेळ पेनाने कपाळावरच लिहा. कागद हरवतो. दोन तासांपर्यंत सहसा अवयवाला धोका नसतो. गुडघ्याच्या ऑपरेशनला हाडांचे डॉक्टर फुगवायचा पट्टा लावून तास-दीड तास काम करतातच की! सहा तासांच्या पुढे मात्र हात वाचणं अवघड. सोडायचं ते दवाखान्यातच.

माजी_सैनिक_सातारा:
सिस्टरांशी सहमत. बगदादच्या अमेरिकन लष्करी रुग्णालयात 2006 साली नोंदी ठेवल्या होत्या. शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन रक्तदाब कोसळायच्या अवस्थेत, जाण्याआधी पट्टा लागला त्यांतले सुमारे 90 टक्के जगले, शॉकमध्ये गेल्यावर लागला त्यांतले 10 टक्के. आणि निव्वळ पट्ट्यामुळे कुणाचा हातपाय गेला नाही. त्यामुळे ‘शेवटचा उपाय’ म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

माणदेशी_गडी:
ऑनलाइन तयार पट्टे दिसतात, दोन-तीनशेलाही. गोठ्यात ठेवावा का? आणि साप चावला तरी हाच चालेल?

माजी_सैनिक_सातारा:
जरूर ठेवा, पण स्वस्तातला नको. नकली मालाची पिळायची दांडी ऐन वेळी वाकते नाहीतर मोडते. आणि सरावाचा पट्टा वेगळा ठेवा, ताणून ताणून कापड ढिलं पडतं.

सिस्टर_कॅज्युअल्टी:
सापाला अजिबात नाही! घोणस, फुरसं चावल्यावर आवळून बांधलं तर विष तिथेच साठून मांस सडवतं, आणि दवाखान्यात सोडल्यावर एकदम अंगभर जातं. चावलेला हातपाय फळीला बांधून हलू देऊ नका आणि प्रतिविष असेल तिथे गाठा.

तुटलेल्या पंजाचं काय केलंत?

माणदेशी_गडी:
बर्फाच्या डब्यात टाकून नेला होता ताई. जोडता येणार नाही म्हणाले.

सिस्टर_कॅज्युअल्टी:
कुट्टीचा चेचलेला पंजा तसाही क्वचितच जुळतो. पण थेट बर्फावर ठेवला की पेशी गोठून मरतात. स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवायची. त्यासाठी पेशंटला मात्र थांबवून ठेवायचं नाही, 108 आली की आधी त्याला पाठवा.