सोसायटीचा पैसा आधी गच्चीवर घालायचा की नळावर?

टाकीवाला (धागाकर्ता):
पुण्यात चार सोसायट्यांचं व्यवस्थापन बघतो. सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा उरकायची असते, आणि 'पर्यावरण' म्हटलं की सभेत एकच ठराव येतो: सोलर. माझं मत, सोलर पुढच्या वर्षी. आधी पाणी.
गेल्या उन्हाळ्यात ४८ फ्लॅटच्या एका इमारतीला रोज दोन टँकर लागत होते. एका रात्री वॉचमनला घेऊन गच्चीवर बसलो. टाकीत येणारं पाणी बंद केलं, १ वाजता पातळी मोजली, ५ वाजता पुन्हा. इमारत गाढ झोपेत आणि १,८०० लिटर गायब! म्हणजे दिवसाला १०,८०० लिटर, एक अख्खा टँकर. निघालं काय, तर अकरा घरांतले गळके फ्लश, आणि त्यातलं एक घर वर्षभर कुलूपबंद, मालक दुबईत. प्लंबरचं एकूण बिल दोन आठवड्यांच्या टँकरपेक्षा कमी आलं. यात हिरवं काही दिसत नाही, फोटोही निघत नाही, म्हणून कोणी ठराव मांडत नाही.

युनिटमोजे:
गळती काढली ते झकास, पण ती देखभाल झाली. ती तुमची नोकरीच आहे, त्याला ठराव कशाला हवा? सोलरचं गणित ऐका. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे सगळं एका कॉमन मीटरवर, म्हणून बिल थेट पाचशे युनिटच्या वरच्या महाग स्लॅबमध्ये. २० किलोवॅट बसवलं तर दिवसाला साधारण ८० युनिट. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान, म्हणजे ३ लाख ६० हजार. आणि मुख्य म्हणजे एकाही सभासदाला सवय बदलावी लागत नाही. तुमच्या फ्लशचे वॉशर दोन वर्षांनी पुन्हा गळणार, तेव्हा परत रात्र जागवा.

वरचामजला:
सवय बदलावी लागत नाही हे खरं, छत मात्र माझं गळतं. स्टँडचे पाय रोवायला आमच्याकडे ब्रिकबॅट कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) फोडला आणि पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल. पॅनल पंचवीस वर्षं टिकतं म्हणता, वॉटरप्रूफिंग किती टिकतं? ते करायची वेळ आली की सगळा सांगाडा उतरवणार कोण? वर पैसे सिंकिंग फंडातून काढायचा घाट. तो फंड इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो हो.

युनिटमोजे:
काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड उभा राहतो, एकही भोक लागत नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचं, मग ठेकेदार. स्वस्तातला धरून आणलात, त्यात सूर्याचा काय दोष? फंडाबद्दल मात्र तुमचं बरोबर, त्याला हात लावू नये.

माजीसेक्रेटरी:
टाकीवाले, पाणी पाणी करताय तर घरटी मीटरचं काय? आम्ही प्रयत्न केला. आमची इमारत १९८८ची. स्वयंपाकघर, बाथरूम, संडास, प्रत्येकाला गच्चीवरून वेगळा पाइप उतरतो. एका घराला तीन मीटर, ३२ घरांना ९६. कोटेशन बघून सभेत शांतता पसरली. पाऊसपाणी बोअरमध्ये सोडलं, तर शेजारची बोअर भरली आणि आमची कोरडीच. खालचा काळा पाषाण, भेग कुठे जाईल ते तोच जाणे.

अर्धकच्चंखत:
सगळेजण बिलावर बोलताय, ओल्या कचऱ्यावर कोणीच नाही. २०१६च्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. आमच्या कमिटीने चोवीस तासांत खत देणारं यंत्र घेतलं. त्यातून निघतो तो वाळवलेला भुगा. कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागतो, आणि यंत्र वीज खातं ती निराळीच. आता यंत्रावर ताडपत्री आहे. मिळकतकराची सवलत मात्र आम्ही निर्लज्जपणे घेत होतो, पालिकेची तपासणी होईपर्यंत. शेवटी विटांचे दोन हौद बांधले. ओल्यावर दुप्पट सुका पाला, बस्स. तो पाला पूर्वी माळी जाळायचा. कचरा डेपोशेजारच्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी आपला कचरा किती वर्षं सोसला, ते आठवा.

तळमजला:
ताई, तुमचा हौद कोणाच्या खिडकीखाली आहे? आमचा माझ्या. पावसाळ्यात पाला ओला, चिलटं घरात, सासूबाई खोकून बेजार. आणि तो ढवळतं कोण? झाडूवाल्या मावशी, ना हातमोजे, ना पगारात वाढ. पर्यावरण तुमचं, वास आमचा.

अर्धकच्चंखत:
मावशींचं अगदी मान्य. आमच्याकडे ते काम पगारात धरलंय, नाहीतर मीच विरोध केला असता. चिलटांचं सांगते: पाला उन्हाळ्यातच गोण्यांत भरून छपराखाली ठेवायचा. जूनमध्ये शोधायला गेलात तर नाहीच मिळणार.

टाकीवाला:
युनिटमोजे, देखभाल ही माझी नोकरी, कबूल. पण फ्लश सभासदाच्या घरात असतो आणि मला दारातून आत जाता येत नाही, म्हणून ठराव हवा. वर्षातून दोनदा प्लंबर प्रत्येक घरात जाईल, कुलूपबंद घराचा मालक किल्ली ऑफिसात ठेवेल, नाहीतर त्याचा कॉक बंद करू. एवढ्यावर सभेत जी भांडणं झाली ती पाच लाखांच्या सोलरवर झाली नाहीत.
माजीसेक्रेटरी, ९६ मीटर विसरा. प्रत्येक उतरत्या पाइपला गच्चीवर एकच बसवा. कुठली रांग जास्त पितेय एवढं कळलं तरी शोध आठ घरांवर येतो.

माजीसेक्रेटरी:
हे सुचलं नव्हतं. रात्री टाकीची पातळी मोजता कशी? आमच्या टाकीला काचनळी नाही.

टाकीवाला:
सुतळीला नटबोल्ट बांधून सोडायचा, ओली खूण टेपने मोजायची. फक्त वॉचमनला आधी सांगा, दुसऱ्या एका सोसायटीतल्याने मला चोर समजून शिट्टी वाजवली होती.