गच्चीवरचा डीजे, पत्र्याचं छप्पर आणि ४५ डेसिबल: तक्रार नेमकी कशाची करू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात बाणेरला राहते, सहावा मजला. मागे नाला, नाल्यापलीकडे तीन मजली व्यापारी इमारत आणि तिच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला बार. नाव मुद्दाम लिहीत नाही. बुधवार, शुक्रवार, शनिवार डीजे. साडेनवाला सुरू होतो, एकच्या आत थांबला तर नशीब. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, सकाळी सहाची पाळी, म्हणजे पावणेपाचला उठणं आलं.

गंमत म्हणजे गाणी ऐकूच येत नाहीत. नुसतं धप, धप, धप. खिडक्या लावल्या की वरचा आवाज जातो आणि ही धपधप आणखीच उठून येते. ओट्यावरच्या मांडणीत पोह्यांच्या डब्याचं झाकण आहे, ते ठेक्यावर किणकिणतं. बोट ठेवलं की गप्प, काढलं की पुन्हा सुरू. गेल्या शनिवारी साडेबाराला मी त्या झाकणावर बोट ठेवून उभी होते, तेव्हा ठरवलं की इथे विचारायचंच.

११२ वर सहा वेळा फोन झाले. बीट मार्शल येतात, आवाज कमी होतो, ते गेले की पंधरा मिनिटांत पुन्हा तेच. चौकीत गेले तर म्हणाले, "ताई, त्यांच्याकडे दीडपर्यंतची परवानगी आहे आणि जागा बंदिस्त आहे." बंदिस्त म्हणजे काय, तर वर पत्रे आणि बाजूंना गुंडाळता येणारे प्लास्टिकचे पडदे, जे उकाड्यात वरच असतात!

मोबाइलवर ॲप टाकलं. बाल्कनीत ५२ ते ५६, बेडरूममध्ये खिडकी लावून ४३-४४. निवासी भागात रात्री ४५ ची मर्यादा आहे आणि तक्रारीसाठी १० डेसिबल जास्त लागतात असं वाचलं. म्हणजे मी काठावर. झाकण वाजतंय आणि आकडा म्हणतोय सगळं ठीक. माझं काय चुकतंय? आणि तक्रार कोणाकडे, कशी करावी म्हणजे ती टिकेल?

प्रतिसाद: खर्जातला

ॲप सोडून द्या. साउंडचं काम करतो म्हणून सांगतो, नियमातलं मोजमाप डीबी (ए) मध्ये आहे. त्यातलं 'ए' म्हणजे माणसाच्या कानासारखी चाळणी, खर्जातला आवाज ती बराचसा गाळून टाकते. ६३ हर्ट्झला जवळजवळ २६ डेसिबल वजा होतात. डीजेचा बेस साधारण तिथेच असतो. म्हणजे तुमचं झाकण जे ऐकतंय, ते मीटर ऐकतच नाही. त्यात मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, खालचे स्वर त्याला आधीच नीट कळत नाहीत. 'सी' चाळणीवर (ती खर्ज फारसा गाळत नाही) मोजलं तर खरा फरक दिसेल, पण आपल्या नियमात सी नाही. भिंती आणि काचा वरचे स्वर अडवतात, बेस सहज आत येतो. खिडकी लावल्यावर धपधप उठून येते ती यामुळेच.

प्रतिसाद: बाराखडी

एक विचारू का? हॉटेल आधी की तुमची सोसायटी आधी? रस्त्याला लागून घर घ्यायचं आणि मग आवाजाच्या नावानं बोंब मारायची, हेही बरोबर नाही.

प्रतिसाद: पहाटपाळी (धागाकर्ती)

सोसायटी २०११ ची. गच्ची तेव्हा नुसती गच्ची होती, पाण्याच्या टाक्या असायच्या.

प्रतिसाद: जुना कारकून

ताई, तुम्ही डेसिबलच्या वाटेला गेलात तिथेच फसलात. मीटर मागितलं की मीटर नाही म्हणतात, आलं तर त्या दिवशी आवाज कमी असतो. घड्याळ धरा.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २०००. त्यातला नियम ५ वाचा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वाजवायचा नाही. सवलत आहे ती बंदिस्त जागेला, आतल्या आत ऐकू जाण्यासाठी: सभागृह, परिषद कक्ष, समाजमंदिर, मेजवानीचा हॉल अशी उदाहरणंच तिथे दिली आहेत. पडदे वर केलेली गच्ची यात कशी बसते, हे त्यांनी लेखी सांगावं. सणासुदीसाठी बारापर्यंतची सूट आहे, पण ती वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस आणि शासनानं दिली तरच. दर बुधवार हा सण नव्हे.

आता नियम ७. तुम्ही वाचलेली १० डेसिबलची अट त्यातली आहे, पण २०१० च्या दुरुस्तीनं तिथे 'किंवा' आला: रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तरी तक्रार करता येते. त्यामुळे अर्जात आकडा लिहूच नका. तारीख, वेळ, उघडी गच्ची, स्पीकर चालू, बस्स. सव्वादहानंतरचा व्हिडिओ, पडदे दिसतील असा. सुरुवातीला घड्याळ दाखवा.

आणि "दीडपर्यंतची परवानगी" म्हणजे कशाची? दारू देण्याची, हॉटेल उघडं ठेवण्याची की ध्वनिक्षेपकाची? प्रत्येक कागद वेगळा असतो. चौकीत ते सोयीनं एकत्र होतात. माहितीच्या अधिकारात पोलिस आयुक्तालयाकडे ध्वनिक्षेपक परवान्याची प्रत मागा. महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे वेगळा अर्ज: मंजूर नकाशात गच्चीवर हॉटेल आहे का, पत्र्याच्या शेडला परवानगी आहे का. नसेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढण्याची, नोटीस निघू शकते. माझ्या अनुभवात डीजेपेक्षा पत्रे लवकर उतरतात.

प्रतिसाद: शापोऱ्याकाठची

मी गोव्याची. हणजूण-वागातोरचा हाच विषय उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला, त्यामुळे सहानुभूती! आमच्याकडचा धडा एवढाच की फाटकावरचा माणूस गाडी वळताना बघतो आणि आत फोन करतो. पोलिस वर पोहोचेपर्यंत सगळे कुजबुजत जेवत असतात. म्हणून फोनवर थांबू नका, लेखी द्या, पोच घ्या. आणि एकट्या देऊ नका.

प्रतिसाद: पहाटपाळी (धागाकर्ती)

जुना कारकून, तुमचा प्रतिसाद छापून काढला! 'किंवा'ची गोष्ट चौकीत कोणी सांगितली नव्हती.

एकटीनं न देण्याची अडचण अशी की कमिटी लेटरहेड द्यायला तयार नाही. चेअरमन म्हणतात, "उगाच वैर कशाला?" त्यांचा फ्लॅट पुढच्या बाजूला आहे. दोन शेजारी सही करतील, पण नाव हॉटेलवाल्याला कळेल याची त्यांना भीती वाटते. गेल्या महिन्यात फोन केल्यावर अर्ध्या तासात वॉचमनकडे चौकशी झाली होती, "कोण मॅडम आहेत त्या?"

प्रतिसाद: जुना कारकून

जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या भोंग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं आहे की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी. प्रकरण प्रार्थनास्थळांचं होतं, पण नियम तेच २००० चे. अर्जात त्याचा उल्लेख करा आणि "नाव गोपनीय ठेवावे" हे वरच, ठळक लिहा. अर्ज चौकीत देऊ नका. या नियमांखालचा अधिकारी निदान उपअधीक्षक दर्जाचा लागतो, म्हणजे तुमच्याकडे सहायक आयुक्त. प्रत आयुक्तांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला.

कोणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १३३) सुचवेल. सार्वजनिक उपद्रवासाठी चांगलं आहे, पण तारखा पडत राहतात. ते नंतर.

प्रतिसाद: पहाटपाळी (धागाकर्ती)

उद्या बुधवार. शेजारच्या काकूंच्या बाल्कनीतून गच्ची सरळ दिसते, व्हिडिओ तिथून काढते. अर्जाचा मसुदा रात्री इथे टाकते, तपासून द्याल का? आणि एक राहिलं: सहायक आयुक्तांच्या कार्यालयात पोच लगेच मिळते, की शिक्क्यासाठी पुन्हा जावं लागतं? माझी सुट्टी फक्त गुरुवारची आहे.