मे महिन्यातल्या भुसावळात कोणती माती?

भाऊ, तुमचा पहिलाच अर्धपुतळा आहे आणि त्यावरून साचा काढायचाय, म्हणून तेलाची माती (पाण्याऐवजी तेल-मेणात मळलेली) घ्या. तुमच्या प्रश्नाखाली एकाने शेतातली काळी माती फुकटात सुचवली आहे. पोळ्याच्या बैलांना ती चालते, कारण बैल लहान आणि भरीव असतात. पण आपल्या रेगूरमधला, म्हणजे या काळ्या मातीतला, माँटमोरिलोनाइट हा चिकणमातीचा खनिज घटक पाणी पिऊन फुगतो आणि वाळताना आकसतो. आत लोखंडी सांगाडा असेल तर तो काही आकसत नाही, मग नाकापासून हनुवटीपर्यंत भेग ठरलेलीच! शाडू त्यामानाने बरी, तरी सांगाड्यावर तीही तडकते. शिवाय काम संपेपर्यंत रोज ओला कपडा आणि वर प्लॅस्टिक गुंडाळायचं. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात ते फारच जिकिरीचं.

तेलाची माती वाळतच नाही, महिनाभर थांबून पुन्हा हात घालता येतो. मात्र मऊ प्रकार घेऊ नका. पंचेचाळीसच्या घरात पारा गेला की तो लोण्यासारखा होतो आणि बारीक रेषा टिकत नाहीत. कडक घ्या, लागेल तेवढी गरम करून लावा. दुकानदाराला एक नक्की विचारा: यात गंधक आहे का? गंधक असेल तर प्लॅटिनमवर जमणारं सिलिकॉन (साच्याचं रबर, जे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होतं) त्यावर चिकटच राहतं, सगळा साचा वाया.

पॉलिमर क्ले, म्हणजे भाजून कडक होणारी प्लॅस्टिकची माती, मात्र दागिने, छोट्या बाहुल्यांपुरतीच. ती ओव्हनमध्ये साधारण 130 अंशाला पक्की होते, एवढ्या मोठ्या डोक्याला परवडणार नाही. तेलाची माती चुकूनही भट्टीत घालू नका, वितळेल.