माड, होडी आणि पाळणा : ‘हलणे’ इंग्रजीत कसे लिहावे?

खाडीकाठ (मूळ मांडणी)

दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. सहामाहीला नववीच्या मुलांना भाषांतरासाठी चार वाक्ये दिली होती : वाऱ्यावर माड डुलत होते, धक्क्यापाशी होडी हेलकावे खात होती, आजी ओटीवरच्या झोपाळ्यावर झोके घेत होती आणि माजघरात आई बाळाचा पाळणा हलवत होती. निम्म्याहून अधिक मुलांनी चारही ठिकाणी ‘स्विंग’ लिहिले आणि उरलेल्यांनी ‘मूव्ह हिअर अँड देअर’ लिहून सुटका करून घेतली. ज्यांच्या बोलण्यात डुलणे, डगमगणे, हिंदकळणे, लटपटणे हे शब्द चुकूनही एकमेकांच्या जागी येत नाहीत, त्या मुलांची इंग्रजीत अशी गत का व्हावी, याचा विचार करताना मला एक सूत्र सुचले.

वस्तू कुठे धरलेली आहे, ते आधी पाहावे. वरून टांगलेली असेल तर ‘स्विंग’, खाली मूळ धरून उभी असेल तर ‘स्वे’, कशावर तरी अस्थिरपणे टेकून या अंगावरून त्या अंगावर कलत असेल तर ‘रॉक’, आणि दोन्ही टोकांना ताणलेली असून जागच्या जागी अतिवेगाने हलत असेल तर ‘व्हायब्रेट’. झोपाळा, माड, होडी आणि एकतारीची तार, असे चार नमुने डोळ्यांपुढे ठेवले की यादी पाठ करावी लागत नाही, असे माझे मत आहे. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी सविस्तर लिहावे.

पागोळी

मी रत्नागिरीत भाषांतराचे काम करते आणि आपले सूत्र मला मान्य नाही. ते आपल्याच चौथ्या वाक्यावर अडते. आपल्याकडचा पाळणा तुळईच्या कडीला टांगलेला असतो, म्हणजे सूत्राप्रमाणे त्याला ‘स्विंग’ म्हणावे लागेल. इंग्रजी मात्र पाळण्याला ‘रॉक’ देते, कारण त्या लोकांचा जुना पाळणा जमिनीवर, खाली दोन वाकड्या लाकडी पट्ट्या लावलेला असे. पुढे तो शब्द पाळण्याला सोडून बाळालाच चिकटला. मांडीवर किंवा हातांवर हलवून निजवायचे असले, तरी इंग्रजीत बाळाला ‘रॉक’च करतात. तेथे ना तुळई आहे ना वाकडी पट्टी.

दुसरे उदाहरण पुलाचे. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० रोजी खुला झाला आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी आडवा इतका हलू लागला की दोनच दिवसांत बंद करावा लागला. हेलकावे शोषून घेणारी यंत्रणा बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडला. हा पूल दोन्ही बाजूंच्या तारांवर तोललेला आहे. तरीही अभियंते त्याच्या हालचालीला ‘स्वे’ म्हणाले, लोकांनी त्याचे नाव ‘वॉबली ब्रिज’ (डगमगता पूल) ठेवले आणि ‘स्विंग’ कोणाच्याही तोंडी आला नाही. उलट ‘स्विंग ब्रिज’ म्हटले की जहाजाला वाट देण्यासाठी आडवा फिरणारा पूल, असा अगदी वेगळा अर्थ होतो. शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने नांदतो, ते वाचूनच कळते. ते टांगण्याच्या जागेवरून ठरवता येत नाही.

डोलकाठी

मी गुहागरकडचा. व्यापारी जहाजांवर नोकरी करून आता निवृत्त झालो आहे. मास्तरांचे होडीचे वाक्य वाचून मला माझी पहिली सफर आठवली. जहाज डाव्या-उजव्या अंगावर कलत होते आणि मी अधिकाऱ्यांना मोठ्या रुबाबात सांगितले की जहाज ‘स्वे’ होत आहे. त्यांनी मला जागच्या जागी दुरुस्त केले.

जहाजाच्या हालचाली सहा मानतात. डाव्या-उजव्या अंगावर कलंडणे म्हणजे ‘रोल’, नाळ (पुढचे टोक) वर जाऊन वरामा (मागचे टोक) खाली बसणे आणि पुन्हा उलटे होणे म्हणजे ‘पिच’, नाळ या दिशेकडून त्या दिशेकडे वळणे म्हणजे ‘यॉ’. उरलेल्या तिन्हींत जहाज कलत नाही, सबंध सरकते : वर-खाली ‘हीव्ह’, पुढे-मागे ‘सर्ज’ आणि आडवे ‘स्वे’. म्हणजे माडाच्या बाबतीत जो शब्द झुकण्याचा आहे, तोच जहाजावर न झुकता बाजूला सरकण्याचा होतो. धक्क्यापाशी बांधलेल्या लहान होडीला ‘रॉक’ चालेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मोठ्या जहाजाविषयी लिहिणाऱ्याने ‘रोल’ लिहावे.

एका बाबतीत मात्र मी मास्तरांच्या बाजूने आहे. नांगरावर उभी असलेली बोट भरती-ओहोटीला तोंड फिरवते, त्याला जहाजी भाषेत ‘स्विंग’ म्हणतात. आपल्या खाडीत सुमारे सहा तासांनी पाणी उलटले की सगळ्या होड्यांच्या नाळी एका दिशेने वळलेल्या दिसतात, तीच ही गोष्ट. येथे वरून काहीही टांगलेले नाही, पण बोट एका बिंदूला धरलेली आहे. म्हणून ‘टांगलेली’ हा शब्द खोडून ‘एका बिंदूला धरलेली’ असे लिहिल्यास सूत्र बरेच टिकेल. दारही बिजागरीवर ‘स्विंग’ होते, हे त्यात आपोआप बसते.

लंबक

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. एवढा खल करण्यापेक्षा मुलांना ‘ऑसिलेट’ शिकवावे, असे मला वाटते. मध्यस्थितीच्या दोन्ही बाजूंना पुन:पुन्हा जाणारी कोणतीही वस्तू ‘ऑसिलेट’ होते, मग ती झोपाळा असो, माड असो वा तार. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ घडवले, ते याच नियमित गतीच्या भरवशावर. शिवाय ज्या लॅटिन क्रियापदावरून हा शब्द आला, त्याचा अर्थच ‘झोके घेणे’ असा होता. ‘स्विंग’ला तर परत येण्याचे बंधनच नाही; दार एकदा उघडले आणि तसेच राहिले तरी ते ‘स्विंग’ झालेले असते, आणि क्रिकेटचा चेंडू तर कधीच माघारी येत नाही.

पागोळी

आपली व्याख्या अचूक आहे आणि नेमका तोच तिचा दोष आहे. आजी ओटीवर ‘ऑसिलेट’ होत होती, असे लिहिले तर वाचणाऱ्याला हसू येईल. तो मान फिरवणाऱ्या टेबल फॅनचा शब्द आहे, आजीचा नव्हे. त्याला नियमितपणाही लागतो. हापूसचा भाव हंगामात चढतो-उतरतो तेव्हा इंग्रजीत त्याला ‘फ्लक्चुएट’ म्हणतात, कारण त्या चढउताराला ताल नसतो. पावसाळ्यात आपण सगळे व्होल्टेजबद्दल हाच शब्द वापरतो आणि तो बरोबर वापरतो. त्याचे लॅटिन मूळ लाट या अर्थाचे आहे, हे समुद्राकाठच्या मुलांना मुद्दाम सांगावे. मन दोलायमान होते, तेव्हा मात्र ‘वेव्हर’ किंवा ‘व्हॅसिलेट’ घ्यावे. तेथे ‘स्वे’ सकर्मक घेतल्यास दुसऱ्याचे मन वळवणे असा अर्थ होऊन वाक्याचा कर्ताच बदलतो.

पोफळबाग

श्रीवर्धनहून थोडेच लिहितो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हाही आमचे माड खाली मूळ धरूनच उभे होते. त्या दिवशी ते ‘स्वे’ होत होते असे कोणी लिहिले, तर मी ते भाषांतर फाडून टाकीन. ‘स्वे’मध्ये झाड झुकते आणि सावकाश सावरते, त्या दिवशी झावळ्या आपटत होत्या, शेंडे पिळवटत होते आणि पोफळी मधूनच मोडत होत्या. त्याला ‘थ्रॅश’ म्हणावे. सूत्रात जोराचा विचार कोठेच नाही.

खाडीकाठ

जोराचा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. ‘एका बिंदूला धरलेली’ ही दुरुस्तीही स्वीकारतो. ‘ऑसिलेट’ मात्र विज्ञानाच्या तासालाच राहू द्यावा. पागोळीताईंच्या पाळण्याबद्दल माझे अजूनही एवढे म्हणणे आहे की आमच्या मुलाने पाहिलेला पाळणा खरोखरच टांगलेला आहे, त्यामुळे त्याने ‘स्विंग’ लिहिले तर त्याने डोळे उघडे ठेवून लिहिले आहे. नुसते ‘चूक’ म्हणून तो विषय मला मिटवता येत नाही.

आता एक शंका विचारतो. शिमग्यात देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. ती खालून धरलेली असते, उसळते, कलते आणि गोल फिरतेही. तिला कोणते क्रियापद द्यावे?

पागोळी

या यादीतले एकही देऊ नये. इंग्रजीत मांडीवरच्या मुलाला ‘डान्स’ करवतात, म्हणजे ते क्रियापद सकर्मक वापरता येते. ‘पालखी नाचवली’ हे जसे आहे तसेच न्यावे, कारण पालखी हलणे ही तेथली मुख्य गोष्ट नसून भोयांचे नाचणे ही आहे.

खाडीकाठ

हे पटले. वार्षिक परीक्षेत पालखीचे वाक्य घालतो. पाळण्याच्या वाक्याला ‘रॉक’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देईन आणि ‘स्विंग’ लिहिणाऱ्याला, पाळणा कशाला टांगला आहे ते त्याच वाक्यात लिहिले असेल, तर तेवढेच.