ताळेबंदाची खिडकी मुख्य प्रकल्पात घ्यायची की वेगळीच ठेवायची?

लातूरकर
२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्यानंतर आम्ही चौघांनी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारा मुक्तस्रोत प्रोग्राम लिहिला. पाऊस, विहिरींची पातळी, पिकांची गरज भरली की शिल्लक का तूट ते कळतं. पण चालतो काळ्या पडद्यावर, कमांड टाइप करून. परभणीच्या एका ताईंनी आपल्या मनानेच त्याला खिडक्या-बटणांचं टूल केलं, आणि आज गावोगावी उघडलं जातं ते त्यांचं टूल.

माझं मत स्पष्ट आहे: ते मुख्य रिपॉझिटरीत, म्हणजे आमच्या कोडच्या भांडारात, घ्या. आम्ही आउटपुटचा एक कॉलम बदलला की त्यांची खिडकी कोरी पडते, हे किती दिवस चालवायचं? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रोग्राममध्ये असं झालेलं आहे. पॉल मॅकेरस यांचं गिटके, म्हणजे त्या नोंदी खिडकीत दाखवणारं टूल, स्वतंत्र होतं. जून २००५ मध्ये, गिट सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, गिटचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते बदलांच्या इतिहासासकट गिटमध्ये मर्ज केलं, म्हणजे मिसळून घेतलं.

नांदेडचा
सर, गिटकेचं अर्धंच सांगायलात. ते गिटसोबत मिळतं, पण त्याची रिपॉझिटरी वेगळी राहिली, सांभाळणारा वेगळा राहिला. तिथले बदल गिटमध्ये ओढून घेतात. आपला प्रोग्राम नुसत्या पायथॉनवर चालतो. खिडकी आली की खिडक्या-बटणं बनवायची क्यूटी ही लायब्ररी आली. ज्या सर्व्हरला स्क्रीनच नाही, त्याच्यावर ते ओझं कशाला? आणि खरा प्रश्न हा, की उद्या ताईंना वेळ मिळेनासा झाला, तर तुम्हा चौघांत क्यूटी येतं कुणाला? एकदा घेतलं की त्यातला प्रत्येक बग तुमचा.

बीडहून
मी वापरणारी बाई आहे, कोड कळत नाही. ग्रामसभेच्या सकाळी प्रोग्राम अपडेट केला आणि पन्नास माणसांसमोर तुटीचा रकानाच दिसेना. प्रोग्रामवाल्यांना विचारलं तर म्हणाले, ते टूल आमचं नाही. वेगळं ठेवा म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी माझ्या जागी उभं राहून बघावं.

लातूरकर
ते उत्तर मीच दिलं होतं ताई, चुकलंच. क्यूटी आम्हाला येत नाही, हेही खरं. पण सर्व्हरवाल्यासाठी खिडकी ऐच्छिक ठेवता येते. कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट एका जागी आल्या तर कॉलम बदलणाऱ्याला त्याच दिवशी कळेल की काय मोडलं. नकाशांच्या क्यूजीआयएस या प्रोग्राममधला प्रोसेसिंग हा विश्लेषणाचा भागसुद्धा आधी सेक्स्टांते नावाचं वेगळं प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडायचं टूल, होतं. २०१३ च्या २.० आवृत्तीत ते आत आलं.

नांदेडचा
टेस्टसाठी मर्ज लागत नाही. आउटपुटला आवृत्ती क्रमांक द्या, कॉलम बदलायच्या आधी ताईंना कळवा. बीडच्या ताईंचा त्रास तेवढ्यानेही मिटला असता.

परभणीची
टूल माझं आहे, म्हणून दोन गोष्टी. नुसत्या फायली उचलून नेऊ नका. घ्यायचं तर नोंदी-इतिहासासकट घ्या. परवा करून पाहिलं. गिट २.९ पासून दोन अनोळखी इतिहास सहजासहजी जुळवून देत नाही, वेगळा पर्याय द्यावा लागतो. तो दिल्यावर फक्त रीडमी (माहितीची फाइल) आणि लायसन्स (परवान्याची फाइल) धडकले. रीडमी मी जुळवते. लायसन्सचं तसं नाही: तुमचं मोकळं एमआयटी, माझं जीपीएल, ज्यात कोड पुढे वाटतानाही तोच परवाना ठेवावा लागतो. माझा कोड मी एमआयटीखाली देईन, पण नकाशाचा भाग हिंगोलीच्या एका मुलाने लिहिलाय. त्याला विचारलंय. त्याचा होकार येईपर्यंत कुणी मर्ज करू नका.